यजमानाचे ऐकणे आणि विचारणे

दूरचित्रवाणीवरील मुलाखत घड्याळाला बांधलेली असते. पाहुणा मुद्द्यावर येतो न येतो, तोच जाहिरातींची वेळ होते. इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाने हे बंधन सैल केले आणि गप्पांच्या कार्यक्रमाचा एक नवा प्रकार उदयास आला. अमेरिकन विनोदी कलावंत जो रोगन यांचा ‘द जो रोगन एक्स्पिरिअन्स’ हा त्याचा ठळक नमुना होय. तो इतका का रुजला आणि कोठे उणा पडला, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

२४ डिसेंबर २००९ रोजी रोगन व त्यांचे मित्र ब्रायन रेडबन यांनी संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर बसून यूस्ट्रीमवरून गप्पा प्रक्षेपित केल्या. संहिता नव्हती, सजावटही नव्हती. पुढे थेट प्रक्षेपण थांबले. परंतु काटछाट न करता दोन-तीन तास बोलण्याची रीत टिकली. यशाचे पहिले मर्म आम्हांला येथे दिसते. पाठ केलेली उत्तरे लवकर संपतात आणि त्यानंतर माणूस मोकळेपणाने बोलू लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, डोनाल्ड ट्रम्प यांनीही या कार्यक्रमासाठी सुमारे तीन तास दिले.

दुसरे मर्म यजमानाच्या वृत्तीत आहे. रोगन पांडित्याचा आव आणत नाहीत. शास्त्रज्ञ असो वा मुष्टियोद्धा, ते सारख्याच कुतूहलाने विचारतात. एखाद्या गोष्टीची शंका आली की सहकारी जेमी व्हर्नन ती तिथल्या तिथे शोधून पडद्यावर दाखवितात. आपल्याच मनातला प्रश्न कोणीतरी विचारीत आहे, असे श्रोत्याला वाटते आणि त्यातून जिव्हाळा जडतो.

मात्र हाच गुण पुढे दोष ठरला. ३१ डिसेंबर २०२१ रोजी कोविड लशींचे टीकाकार डॉ. रॉबर्ट मलोन यांची मुलाखत प्रसृत झाली. तीत अपप्रचार असल्याचे सांगून वैद्यक व विज्ञान क्षेत्रांतील २७० जणांनी जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायला अनावृत पत्र लिहिले. लशींविषयीच्या अशाच प्रचाराच्या निषेधार्थ गायक नील यंग यांनी आपली गाणी तेथून काढून घेतली. वादग्रस्त पाहुण्यांनंतर भिन्न मताचे तज्ज्ञही बोलावण्याचा प्रयत्न करू, असे रोगन यांना तेव्हा सांगावे लागले.

पाहुण्याला आडकाठी न करणे हे सौजन्य खरेच. परंतु बोलणे लोकांच्या जिवाशी निगडित असते, तेव्हा उलट प्रश्न न विचारणे हा श्रोत्यावर अन्याय होतो. तीन तास सोबत करणाऱ्या आवाजावर माणूस घरच्या माणसासारखा विश्वास टाकतो. तो विश्वास वेळ देऊन मिळविता येतो. तो सांभाळायचा तर पाहुण्याची नाराजी पत्करण्याची तयारी हवी. आज आपल्या घरोघरी तरुण मुले कानाला यंत्र लावून अशा गप्पा ऐकत असतात. त्यांना दटावण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून ऐकावे आणि यजमानाने कोणता प्रश्न विचारायचा टाळला, हे त्यांनाच शोधावयास सांगावे, असे आम्ही सुचवितो.