दहा राग, एक ठेका : चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकताना

नृत्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेची समीक्षा कशी करावी, हे आपण एका उदाहरणावरून पाहू. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका काढली. ती तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि जगभर चर्चा झाली. सिंग २०१५ मध्ये वारले.

पहिला कोण?

चर्चा झाली ती एकाच मुद्द्यावर : 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीताचा शोध शिकागोच्या आधी मुंबईत लागला का? शिकागोच्या 'फ्युचर' या गटाचे 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ चे. दोन्हीकडे रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र वापरलेले आहे. पण शिकागोच्या मुलांनी सिंग यांचे वादन ऐकल्याचा पुरावा नाही. 'पहिला' हा मान दिला, तरी संगीतात काय आहे ते कळत नाहीच.

टीबी-३०३ चा इतिहास मात्र उपयोगी आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, म्हणून ते बनवले होते. आवाज खऱ्या बेससारखा नव्हता, विक्री झाली नाही, आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. नंतर ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि तरुणांनी त्याच्या कळा पिळून नवा आवाज काढला. बेंगळुरूच्या चिकपेटात राहणाऱ्यांना हे नवल वाटणार नाही. शेजारच्या एस. पी. रोडवर इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात. एखादा भाग कशासाठी बनवला होता, यापेक्षा घेणारा त्याचे काय करतो, हे तिथे महत्त्वाचे असते. सिंग यांनी त्या यंत्रातून राग वाजवला. म्हणून आपला प्रश्न असा : यंत्राने रागाचे काय केले?

क्रम ऐका

नृत्यसंगीताच्या संचात क्रमाला मोठे महत्त्व असते. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून निघालेली 'थंडरडोम' ही हार्डकोर संकलने घ्या. त्यांतला ठेका मिनिटाला १६० च्या पुढे जातो. अशा वेळी कोणत्या तुकड्यानंतर कोणता, यावरच ऐकणाऱ्याचा दम टिकतो.

सिंग यांचा क्रम तपासा. पहिला राग भैरवी. मराठी श्रोत्याला भैरवी म्हणजे मैफल संपली; इथे तिच्यापासून सुरुवात होते. पुढे ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती : पहाट, रात्र, सकाळ, दुपार अशी सरमिसळ. दुसरी बाजू मेघमल्हाराने उघडते. मग यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. यमन संध्याकाळचा, मालकंस उत्तररात्रीचा, बैरागी सकाळचा. हे ठरवून केले असो वा नसो, नाचत जागवलेली एक रात्र या बाजूवर ऐकू येते.

काय हरवते, काय मिळते

उणीव लपवू नये. तोडीचा गंधार अतिकोमल, नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला. कीबोर्डची पट्टी ठरलेली, त्यामुळे तोडीची कारुण्यछटा पातळ होते. ठेकाही श्वास घेत नाही. गवय्या समेवर येण्याआधी लयीशी जो खेळ करतो, त्याला इथे जागा नाही, आणि आलाप थोडक्यात आटोपतो.

पण ललितकडे वळा. त्यात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. यंत्राच्या कोरड्या, स्वच्छ आवाजात ते दोन सूर शेजारी ठेवलेल्या दोन ठिणग्यांसारखे वेगवेगळे दिसतात. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणजे डिस्कोच्या बेसचा नेहमीचा षड्ज-पंचमाचा आधारच जातो. रागाचा नियम पाळायचा, तर बेसची चाल बदलावीच लागते. रागाने यंत्राला शिस्त लावली, ती इथे.

माझे मत असे : ही ध्वनिमुद्रिका मोठी आहे ती पहिली असल्यामुळे नव्हे. रागाचे व्याकरण ठेवून त्याचा अवकाश काढून घेतला, तर राग किती उरतो, याची ती प्रामाणिक परीक्षा आहे. तोडीत थोडा उरतो, मालकंसात पुष्कळ. 'आम्हीच आधी केले' या अभिमानात ही परीक्षा ऐकूच येत नाही.

स्वाध्याय

१. दुसरी बाजू आधी दिलेल्या क्रमाने, मग उलट क्रमाने ऐका. काय बदलले ते दहा ओळींत लिहा.
२. कोणत्याही गायकाची तोडी आणि सिंग यांची तोडी ऐकून गंधाराची तुलना करा.
३. तुमच्या भागातल्या वरातीत किंवा मिरवणुकीत वाजणाऱ्या एखाद्या संचाची समीक्षा करा. 'पहिला', 'सर्वोत्तम' हे शब्द वापरू नका.