ऐकणाऱ्याचा कान : कॉल सेंटरमधील संज्ञापन आणि पूर्वग्रह

१

दूरध्वनीवरून तांत्रिक साहाय्य देण्याघेण्याचे संभाषण हे वरवर पाहता संज्ञापनाचे अगदी प्राथमिक रूप वाटते. एकाचे यंत्र बिघडलेले असते आणि दुसऱ्याला ते दुरुस्त करण्याची रीत ठाऊक असते. येथे चेहरा नसतो, देहबोली नसते, पूर्वपरिचयही नसतो. उरतो तो केवळ आवाज. अशा संभाषणात पूर्वग्रहाला थारा मिळू नये, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुरगाव, बंगळूर, मुंबई, पुणे या शहरांतून अमेरिका व ब्रिटनसाठी रात्रपाळीत चालणाऱ्या या संभाषणांत पूर्वग्रह जेवढा उघडा पडला, तेवढा तो समोरासमोरच्या व्यवहारातही क्वचितच पडतो. त्याची कारणे संज्ञापनाच्या घडणीतच शोधावी लागतात.

रोमान याकबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात संज्ञापनाचे सहा घटक सांगितले : प्रेषक, ग्राहक, संदर्भ, संदेश, संपर्क आणि संकेतव्यवस्था. मराठीत ‘ग्राहक’ हा शब्द संदेश ग्रहण करणाऱ्याला लागतो, तसाच माल विकत घेणाऱ्यालाही. कॉल सेंटरमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकवटतात. ऐकणारा हा पैसे मोजणाराही असल्यामुळे ऐकणे हे त्याचे कर्तव्य राहत नाही. समजेल असे बोलणे ही मात्र बोलणाऱ्याची सक्ती होते. संज्ञापनाचा भार एका बाजूला ढळतो तो येथे.

दुसरी गुंतागुंत प्रेषकाविषयीची आहे. बोलणारा कर्मचारी हा संदेशाचा कर्ता नसतोच. त्याच्यापुढे कंपनीने लिहून दिलेली संहिता असते. कोणता प्रश्न आधी विचारायचा, दिलगिरी कोठे व्यक्त करायची, एका संभाषणाला सरासरी किती मिनिटे द्यायची, हे सारे ठरलेले असते. पुष्कळदा नावही उसने असते. म्हणजे ऐकू येतो तो एकाचा आवाज आणि बोलत असते ती दुसऱ्याचीच संहिता. या दोहोंतील फट ऐकणाऱ्याला जाणवते; पण तिचा दोष तो संहितेला देत नाही, आवाजाला देतो.

२

२००३च्या नोव्हेंबरात डेल या संगणककंपनीने आपल्या काही व्यावसायिक ग्राहकांच्या तांत्रिक साहाय्याचे काम बंगळूरहून पुन्हा अमेरिकेत नेले. त्या वेळच्या वृत्तांतून ग्राहकांच्या दोन तक्रारी पुढे आल्या : उच्चार कळत नाहीत आणि उत्तरे साचेबंद असतात. या तक्रारी जोडीने सांगितल्या गेल्या. परंतु त्या एका जातीच्या नाहीत. साचेबंदपणा हा व्यवस्थेचा गुण आहे, उच्चार हा व्यक्तीचा. त्यांना एकत्र बांधताच व्यवस्थेचा कोतेपणा व्यक्तीच्या, आणि पुढे तिच्या देशाच्या बुद्धीचा कोतेपणा ठरतो. पूर्वग्रहाची तर्कपद्धती ती हीच.

उच्चाराची अडचण मुळीच नसते, असा याचा अर्थ नव्हे. मराठीभाषक मनुष्य इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरतो, इंग्रजी दंतमूलीय ध्वनींच्या जागी मूर्धन्य ‘ट’, ‘ड’ आणतो, आघातांची मांडणीही आपल्या भाषेच्या वळणाने करतो. प्रशिक्षणवर्गांत या साऱ्याला ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’ असे रोगनिदानासारखे नाव आहे आणि ‘न्यूट्रल’ उच्चार हा त्यावरचा उपचार. ए. अनीश यांनी ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ या २०१५ सालच्या ग्रंथात ही तटस्थता नैसर्गिक नसून घडवलेली असते, याकडे लक्ष वेधले आहे. जो उच्चार कोणाच्याही आईचा नाही, तो तटस्थ! मातृभाषा हा जेथे दोष ठरतो, तेथे व्यक्तीने स्वतःला पुसून टाकणे हीच पात्रता होते.

पुसून टाकल्यावर तरी ऐकू येते काय? डोनाल्ड रुबिन यांच्या १९९२ सालच्या प्रयोगाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच अमेरिकन स्त्रीच्या आवाजातील ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले गेले. एका गटापुढे गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, दुसऱ्यापुढे आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाला परका उच्चार ‘ऐकू आला’. एवढेच नव्हे, तर व्याख्यान कळलेही कमी. कान हा कोरा नसतो. तो आधीच वाचून बसलेला असतो. कॉल सेंटरच्या संभाषणात छायाचित्र नसते, पण त्याची गरजही नसते. ‘तू कोठून बोलतोस?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, नुसते ताडले, की कानापुढे छायाचित्र उभे राहते.

३

या अनुभवाला कलाकृतींनी दिलेली रूपे या संदर्भात तपासण्याजोगी आहेत. चेतन भगत यांच्या ‘वन नाइट ॲट द कॉल सेंटर’ (२००५) या कादंबरीत प्रशिक्षक एक समीकरण शिकवतो : पस्तीस वर्षांच्या अमेरिकनाची बुद्धी दहा वर्षांच्या भारतीयाएवढी. अखेरीस नोकऱ्या वाचवण्यासाठी पात्रे अमेरिकन ग्राहकांना संगणकातील विषाणूची भीती घालून त्यांना पुन्हा पुन्हा फोन करायला लावतात. वाचकाला हा सूड गमतीचा वाटावा, अशीच कादंबरीची मांडणी आहे. परंतु अपमानाच्या जागी अपमान ठेवल्याने संज्ञापनाची रचना बदलत नाही. फक्त मूर्ख कोणाला समजायचे, याची दिशा फिरते. पूर्वग्रहाला विरोध करताना कादंबरी पूर्वग्रहाचेच व्याकरण वापरते, हे तिचे मूलभूत अपयश होय.

जॉन जेफकोट यांच्या ‘आउटसोर्स्ड’ (२००६) या चित्रपटात सिएटलचा नायक आपली जागा घेणाऱ्यांनाच शिकवायला भारतात येतो. येथे त्याच्या ‘टॉड’ या नावाचे ‘मिस्टर टोड’, म्हणजे बेडूक, होते. ज्याने इतरांचे उच्चार सुधारायचे त्याचेच नाव परक्या जिभेवर विरूप व्हावे, ही कल्पना मार्मिक आहे. मात्र पुढे चित्रपट प्रेमकथेचा आधार घेतो. दोन व्यक्तींमधील जिव्हाळा पूर्वग्रह वितळवतो, असे तो सुचवतो. पण ज्या ग्राहकाला भारतात येऊन राहणे शक्य नाही, त्याच्या कानाचे काय, हा प्रश्न तसाच उरतो.

या दोहोंहून आशिम अहलुवालिया यांचा ‘जॉन अँड जेन’ (२००५) हा मुंबईतील सहा कर्मचाऱ्यांवरील अनुबोधपट अधिक खोल जातो. नोकरीला वैतागलेल्या तरुणापासून तो सुरू होतो आणि केस सोनेरी करून अमेरिकन वळणाने बोलणाऱ्या तरुणीपाशी पोचतो. तो कोणाचीही कीव करीत नाही आणि कोणाला हसतही नाही. उसना आवाज हळूहळू स्वतःचा होत जातो, हे तो केवळ दाखवतो. भगतांच्या पात्रांना शत्रू बाहेर दिसतो. येथे ऐकणाऱ्याचा कान बोलणाऱ्याच्या आत येऊन बसलेला आहे.

४

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बोलता बोलता उच्चार बदलणारी यंत्रणा या व्यवसायात आली आहे. कर्मचाऱ्याचा छळ त्यामुळे कमी होतो, असा तिच्या समर्थकांचा दावा आहे. तो काही अंशी खराही असेल. परंतु येथेही दुरुस्ती होते ती आवाजाची, कानाची नव्हे.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ कानावर पडताच बोलणाऱ्याचे गाव, जात आणि शिक्षण ठरवून मोकळा होणारा कान मराठी वर्गांत, मुलाखतींच्या खोल्यांत आणि संपादकांच्या कचेऱ्यांत दीर्घकाळ वावरला आहे. दलित व ग्रामीण साहित्याची भाषा ‘अशुद्ध’ वाटली ती याच कानाला. फिलाडेल्फियातील ग्राहकाने गुरगावच्या आवाजावर केलेला अन्याय ज्या समीक्षेला अचूक ऐकू येतो, तिला आपल्या शेजारच्या तालुक्याचा आवाज कसा ऐकू येतो, यावर तिच्या निषेधाचे मोल ठरेल. संज्ञापनाच्या सिद्धांताने आजवर बोलणाऱ्याची पुष्कळ परीक्षा घेतली आहे. ऐकणाऱ्याची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.