आधी खांब मोजा, मग मनोरा बघा

इटलीतल्या असिसीला पहिल्यांदा जाणारा माणूस चुकतो तो क्रमात. पेरुजियाहून येणारी गाडी डोंगराखाली सपाटीवर सोडते, तिथून बस वर चढते आणि आपण थेट संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात शिरतो. मीही तेच केलं. तुम्ही करू नका. आधी गावातल्या मुख्य चौकात जा, मिनर्व्हाच्या देवळासमोर उभे राहा आणि खांब मोजा. सहा भरतील. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं हे रोमन देऊळ, आत आता चर्च आहे. त्याला लागूनच चौकोनी मनोरा आहे, तोर्रे देल पोपोलो, १३०५ मध्ये पूर्ण झालेला. (कवी गटे १७८६ मध्ये इथे आला तो हे देऊळ बघायला, बॅसिलिकाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ते मात्र अतीच झालं.)

आता बॅसिलिकाकडे चला. वरच्या चर्चच्या भिंतींवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले २८ प्रसंग आहेत. मालिका सुरू होते उजव्या भिंतीवर, वेदीच्या बाजूला. पहिल्या चित्रात एक साधा माणूस तरुण फ्रान्सिसच्या पायाखाली आपला झगा अंथरतोय, आणि मागे तुम्ही आत्ताच बघून आलात तो चौक. देवळाचे खांब पुन्हा मोजा. पाच!

चित्रकाराला मोजता येत नव्हतं, असं म्हणणं बालिश आहे. देऊळ चार पावलांवर होतं. मला विचाराल तर कारण चित्रातच आहे. सहा खांबांच्या मधोमध पोकळी येते, पाच काढले की मधोमध खांब येतो आणि दोन्हीकडची माणसं तोलली जातात. शिवाय दगडी, भारदस्त देवळाचे खांब त्याने इतके सडपातळ केलेत की ते गणपतीच्या मखरासारखं दिसतं. चित्र सुबक आहे, पण देवळाला वजन नाही. पुढच्या कितीतरी प्रसंगांत माणसं जमिनीवर घट्ट उभी असतात, तशी इथली नाहीत. ही शैली वेगळ्या हाताची आहे असं बरेच अभ्यासक मानतात, आणि निदान इतकं तरी नुसत्या डोळ्यांना पटतं.

खरी गंमत डावीकडच्या मनोऱ्यात आहे. चित्रात त्याचा वरचा भाग नाही. मग युक्तिवाद असा की मनोरा अपुरा दिसतो, म्हणजे चित्र १३०५ च्या आधीचं. त्याला दुसरी कडी जोडली जाते. ओल्या गिलाव्यावर रंगवताना एका दिवसात संपेल एवढाच गिलावा लावतात (अजिंठ्यासारखं नाही, तिथे गिलावा वाळल्यावर रंगवलंय). कुठल्या दिवसाचा थर शेजारच्या थरावर चढलाय ते पाहिलं की कामाचा क्रम कळतो, भूगर्भातल्या थरांसारखाच. त्या पुराव्यावरून हे 'पहिलं' चित्र अगदी शेवटी काढलेलं दिसतं. मग शेवटचं चित्र १३०५ च्या आधीचं, म्हणजे सगळी मालिकाच आधीची!

यावर बरंच काही टांगलेलं आहे. पादुआतलं चॅपल जोत्तोने १३०५ च्या सुमारास पूर्ण केलं, त्याबद्दल वाद नाही. असिसी त्याच्या आधीचं असेल तर 'हा तरुण जोत्तो' म्हणता येतं. नंतरचं असेल तर जोत्तो मागे गेला असं मानावं लागतं. मालिका जोत्तोची नाहीच, असं रिचर्ड ऑफनरने १९३९ मध्ये मांडलं आणि भांडण अजून मिटलेलं नाही. गाइड मात्र 'जोत्तो' म्हणून पुढे सरकतो.

गिलाव्याची कडी मला पक्की वाटते, कारण चुना सुकण्याचा क्रम चित्रकाराच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. मनोऱ्याची कडी कच्ची आहे. ज्या चित्राने खांबांच्या बाबतीत खोटी नोंद दिली, त्याचीच मनोऱ्याची नोंद आपण खरी का धरायची? तुमच्या लॅबमधलं यंत्र माहीत असलेल्या नमुन्यावर चुकीचं उत्तर देत असेल, तर माहीत नसलेल्या नमुन्यावरचं त्याचं उत्तर प्रबंधात घालाल का? मी घातलं होतं, दुसऱ्या वर्षी. सहा महिने गेले. इथे देऊळ हाच तो माहीत असलेला नमुना आहे आणि तो पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर उभा आहे. चौकटीची उंची ठरलेली असताना मनोरा वरून छाटणं ही तर खांब कमी करण्याहून सोपी गोष्ट.

पण लगेच तारीख नंतरची आहे असं म्हणू नका, तीही घाईच. एक कडी कच्ची निघाली म्हणून उलटा निष्कर्ष सिद्ध होत नाही. बाहेरचा पुरावा एक आहे. जुलियानो दा रिमिनीच्या एका वेदीचित्रावर १३०७ हे साल लिहिलेलं आहे, ते आता बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात आहे. त्यातला पंचक्षत स्वीकारणारा फ्रान्सिस असिसीच्याच मालिकेवरून घेतलाय असं मानतात. हा पुरावा मला मनोऱ्यापेक्षा जास्त आवडतो, पण तो त्या एका प्रसंगापुरता आहे. आपलं खांबांचं चित्र तर शेवटी काढलेलं, म्हणजे ते १३०७ नंतरचंही असू शकतं. आणि कोणी कोणावरून घेतलं, हे ठरवायला पुन्हा डोळाच वापरावा लागतो.