डक्टची गळती : आकडा उचलला, मोजायची सवय राहिली

डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा साध्या घरात गळतीत वाया जाते, असं अमेरिकेचा ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रम सांगतो. हा आकडा बारामती-इंदापूरच्या घरांना लावायचा का? आज त्याबद्दल बोलू.

आधी डक्ट समजून घ्या. तुम्हाला नीरा डावा कालवा माहीत आहे. धरणातून किती पाणी सुटलं हा एक आकडा, टेलच्या शेतात किती पोचलं हा दुसरा. डक्ट म्हणजे हवेचा कालवा आणि खोली म्हणजे टेल. कालव्याचा पाझर निदान शेजारच्या विहिरीला तरी मिळतो. गार हवा पीओपीच्या वर, तापलेल्या स्लॅबखाली गळाली तर तुमच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

डक्टमधली हवा थेट घराबाहेर गळत असेल तर नुकसान दुप्पट. आत हवा कमी पडते, मग दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गरम हवा ओढली जाते. हवा परत नेणाऱ्या डक्टला भोक असेल तर माळ्यावरची तापलेली, धुळकट हवाच मशीनमध्ये शिरते.

इथवर संशोधन पक्कं आहे. माझी तक्रार आकडा जसाच्या तसा उचलण्याबद्दल आहे. तिकडे डक्ट बऱ्याचदा गार न केलेल्या माळ्यावरून जातात. आपल्या घरांत एसी असलाच तर बहुधा स्प्लिट, त्याला डक्टच नाही. डक्ट दिसेल मंगल कार्यालयात, हॉस्पिटलात, एखाद्या मोठ्या बंगल्यात. पाण्याच्या कूलरला तर खिडकी उघडीच लागते, नाहीतर खोली दमट होते. एसीची जी गळती, ती कूलरची गरज!

त्या संशोधनातून घ्यायला हवी होती ती टेलला मोजायची सवय. आपलं स्टार लेबल बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाचे १६०० तास धरून काढतात. दोन मशीनची तुलना करायला ते चांगलंच आहे, पण मोजमाप धरणापाशीच थांबतं. २०१८ ची ‘इको निवास संहिता’ भिंती, छत, खिडक्या बघते, मात्र ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. दोन गुंठ्यांतलं घर तिच्या बाहेरच राहतं, आणि मे महिन्यातलं बिल मात्र त्यालाही भरावंच लागतं.

म्हणून जास्त स्टारचं मशीन घेण्याआधी एक उदबत्ती लावा. एसी चालू ठेवून ती खिडकीच्या फटीशी, दाराखाली, आणि डक्ट असेल तर त्याच्या सांध्याशी धरा. धूर हलला तर तिथे हवा ये-जा करतेय. डक्टचा सांधा सीलंटने बुजवून घ्या, नुसत्या कापडी टेपवर विसंबू नका. १९९८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांत नापास झाली ती नेमकी हीच टेप.