रबराची धार

राष्ट्रीय महामार्ग 53 हजिऱ्यात सुरू होतो. तापीच्या मुखापासून इच्छापोर, सुरत, पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड करत तो नवापूरला महाराष्ट्रात शिरतो, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारी घाट चढतो, आणि धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा थेट ओडिशातल्या पारादीप बंदराकडे निघतो. सुरतेतल्या उधना-लिंबायतपासून जळगावपर्यंत या रस्त्यावर खानदेशी माणूस भेटत राहतो आणि त्याच्या हाताखाली बहुधा पिकअप असते. जाताना केळी, भाजी, येताना कापडाचे तागे किंवा यंत्रांचे सुटे भाग. या गाडीच्या समोरच्या काचेवर दोन वायपर असतात आणि प्रत्येक वायपरमध्ये काचेला खरोखर टेकणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे रबराची एक अरुंद पट्टी. ती बदलणं हे हजिऱ्याच्या ट्रक पार्किंगमध्ये उभ्याउभ्या उरकायचं काम आहे. पण त्या पट्टीच्या रचनेत इतका विचार भरलेला आहे, की चांगल्या कवितेइतकंच बारकाईनं तिच्याकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात आडव्या छेदापासून करावी. नवं रबर हातात घेऊन त्याचं टोक डोळ्यांसमोर धरलं की सगळी रचना एका नजरेत दिसते. वर जाड माथा, त्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर गेलेल्या खोबणी. या खोबणींत स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन बारीक पट्ट्या बसतात आणि मऊ रबराला कणा मिळतो. माथ्याच्या खाली अचानक अरुंद होणारी मान. मानेखाली दोन्हीकडे थोडे पुढे आलेले खांदे आणि त्याखाली निमुळतं होत गेलेलं ओठासारखं पातं.

या सगळ्यात मला मान सर्वांत सुंदर वाटते. वायपर डावीकडे निघाला की पातं उजवीकडे कलतं आणि मागून फरफटत येतं. परतीला निघाला की ते दुसऱ्या कुशीवर वळतं. हे वळणं मानेमुळे घडतं. ती जाड असती तर पातं ताठ उभं राहून काचेवर थडथडलं असतं. फार पातळ असती तर पातं पार आडवं पडलं असतं. म्हणून खांदे आहेत. पातं ठरावीक कोनापर्यंत कललं की खांदा माथ्याला टेकतो आणि तिथेच थांबवतो. त्यामुळे काचेवर पात्याची सपाट बाजू पडत नाही, फक्त तिची कड पडते. अमेरिकेतल्या वाहन-नियमांत वायपरची जलद गती मिनिटाला किमान 45 फेऱ्यांची ठरवलेली आहे. हाच हिशेब धरला तर एका तासाच्या मुसळधार पावसात 2700 फेऱ्या होतात आणि पातं 5400 वेळा कूस बदलतं. एवढा ताण त्या बोटभरही नसलेल्या मानेवर येतो आणि ती तुटत नाही.

आता कड. पात्याची कड साच्यात तयार झालेली नसते, ती कापलेली असते. दोन पट्ट्या ओठाला ओठ लावून एकत्र घडवतात आणि मग मधोमध सुरी चालवून वेगळ्या करतात. साच्यातून निघालेली कड किंचित गोलसर राहते आणि गोलसर कड पाण्यावरून घसरत जाते. कापलेली कड काटकोनी असते. ती पाणी ढकलते आणि मागे इतका पातळ थर ठेवते की त्यातून प्रकाश न फाटता आरपार येतो. चांगला वायपर काच कोरडी करत नाही. तो पाण्याचे थेंब मोडून त्यांची समतल पातळ चादर करतो. कोंडाईबारीत रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे थेंबाथेंबातून फुटून डोळ्यांत घुसतात की एकाच जागी दोन दिवे म्हणून दिसतात, हे त्या कापलेल्या कडेवर ठरतं. नव्या रबरावर हलका काळा ग्राफाइटचा किंवा तशाच एखाद्या लेपाचा थर असतो, तोही घर्षण कमी करण्यासाठी. ते काळं बोटाला लागलं म्हणून कित्येक जण नवं रबर पेट्रोलनं पुसतात. तसं करू नये. पेट्रोल लेप तर काढतंच, रबरही फुगवतं.

रबराच्या वर येते चौकट. पिकअपवर अजूनही बहुतेक वेळा पत्र्याच्या कमानींची जुनी चौकट दिसते. मधली मोठी कमान मधोमध आर्मला, म्हणजे वायपर फिरवणाऱ्या दांड्याला, अडकते. तिच्या टोकांना लहान कमानी खिळलेल्या असतात. त्यांच्या टोकांना नख्या असतात आणि नख्यांनी रबर धरलेलं असतं. आर्मची स्प्रिंग दाब देते एकाच बिंदूवर, पण तो दाब पोचायला हवा रबराच्या पूर्ण लांबीवर. त्यासाठी प्रत्येक कमान मध्यावर टांगलेल्या तराजूसारखी काम करते. एका पारड्यावर भार वाढला की ती कलते आणि जादा भार दुसऱ्या बाजूला जातो. तराजूच्या टोकाला पुन्हा तराजू, अशी ही मांडणी आहे. काच वक्र असते आणि वायपर फिरताना ती वक्रता क्षणाक्षणाला बदलते, तरी प्रत्येक नखीला आपला वाटा मिळतो. यात एकही मोटर नाही, एकही सेन्सर नाही. फक्त मोकळे हलणारे खिळे आहेत.

समान दाबाचा हा विचार वायपरइतकाच जुना आहे. अलाबामाच्या मेरी अँडरसन 1902-03 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे बर्फ पडत असताना ट्रामचा चालक समोरची काच उघडून, थंडी अंगावर घेत गाडी हाकताना त्यांनी पाहिला. 10 नोव्हेंबर 1903 रोजी त्यांना काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं, क्रमांक 743801. आतून हातानं ओढायचा दांडा, बाहेर रबराचं पातं, आणि ते काचेला टेकून राहावं म्हणून एक प्रतिभार. शिवाय पावसाळी-बर्फाळ दिवस सरले की ते काढून ठेवता येण्याची सोय. पातं काचेला धरून ठेवायला हवं आणि साधन काढता-घालता यायला हवं, या दोन गोष्टी त्यांना पहिल्याच आराखड्यात सुचल्या होत्या. त्यांच्या हयातीत त्यातून त्यांना पैसा मिळाला नाही. पेटंटची मुदत 1920 मध्ये संपली. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव 2011 मध्ये लागलं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 101 समोरची काच असलेल्या गाडीला यंत्रशक्तीवर चालणारा, कार्यक्षम वायपर असलाच पाहिजे असं सांगतो. त्या नियमातला ‘कार्यक्षम’ हा शब्द शेवटी रबराच्या कडेपाशी येऊन थांबतो.

हजिऱ्यात ही कड लवकर मरते. आठ महिने पाऊस नसतो आणि वायपर उन्हात एकाच कुशीवर दाबून पडलेला असतो. रबर तसंच कायमचं वाकतं. जूनच्या मध्यावर पहिला पाऊस आला की ते एका दिशेला नीट पुसतं आणि परतताना कूस बदलायला नकार देतं. त्यात समुद्राचा खारा वारा चौकटीचे खिळे धरतो. उन्हात, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून तयार होणारा ओझोन ताणलेल्या रबरावर आडव्या चिरा पाडतो. आणि धूळ: पोलाद कारखान्यासाठी समुद्रमार्गे येणाऱ्या लोहखनिजाच्या गोळ्यांची भुकटी, सिमेंट, राख. कोरड्या काचेवर वायपर चालवला की ही भुकटी रबरात रुतते आणि मग प्रत्येक फेरीला काच घासत राहते. जुन्या पिकअपच्या काचेवर सकाळच्या तिरप्या उन्हात ज्या अर्धवर्तुळाकार ओरखड्यांच्या कमानी दिसतात, त्या अशाच पडलेल्या असतात. काच बदलण्याचा खर्च आणि रबराची किंमत यांची तुलनाच होत नाही.

म्हणून काच वाचायला शिकावं. एकच बारीक रेघ राहत असेल तर कडेला खाच पडली आहे किंवा कण चिकटला आहे. ओल्या फडक्यानं पुसून पाहावं. जाताना स्वच्छ आणि येताना धूसर होत असेल तर रबर वाकून बसलं आहे. मध्येच रुंद पट्टा न पुसलेला राहत असेल तर दोष बहुधा रबराचा नसतो, एखादी नखी वाकलेली असते किंवा खिळा गंजून अडकलेला असतो. आणि थडथडाट होत असेल तर रबर कडक झालं आहे किंवा आर्म पिळली गेली आहे. नखी, खिळा किंवा आर्म बिघडली असेल तर नवं रबर घातलं तरी गुण येत नाही. हे आधी ओळखलं पाहिजे, नाहीतर माणूस रबराला नावं ठेवतो.

बदलताना काचेवर आधी जाड फडकं पसरावं. ब्लेड, म्हणजे रबरासकट चौकट, काढलेली मोकळी आर्म हातातून सुटली तर स्प्रिंगच्या जोरानं आपटते आणि काच तडकते. आर्म उभी करावी, हुकातली लहान कळ दाबून ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवावं, ते सुटतं. मग रबराचं एक टोक नीट पाहावं. दोन्ही टोकं सारखी नसतात. एका टोकाला रबरात खाच असते आणि शेवटची नखी तिच्यात अडकलेली असते. ही खाचच सगळं रबर जागेवर धरते. ते टोक आर्मच्या कोणत्या बाजूला होतं हे लक्षात ठेवावं, जोरानं ओढून ती नखी सोडवावी आणि रबर बाहेर काढावं. जुन्या रबरातल्या पोलादी पट्ट्या फेकायच्या नाहीत. त्यांना हलका बाक असतो आणि काठाला खाचा असतात. बाक काचेच्या बाकाशी जुळेल आणि खाचा रबरातल्या उंचवट्यांवर बसतील अशाच त्या नव्या रबरात घालायच्या. मग प्रत्येक नखीतून रबर ओवत न्यायचं. घाईत एक नखी सुटते आणि तिथून रबर लोंबतं, म्हणून शेवटी सगळ्या नख्यांवरून बोट फिरवावं. खाच शेवटच्या नखीत बसली की हाताला कळतं. चालकाची बाजू झाली की क्लीनरच्या बाजूचंही त्याच वेळी बदलावं, कारण दोघांनी ऊन सारखंच सोसलेलं असतं.

हल्ली चौकट नसलेली, एकसंध सपाट ब्लेडं निघाली आहेत. त्यांच्या आत एकच वाकवलेली पोलादी पट्टी असते आणि तिच्या ताणानंच दाब पसरतो. ती वाऱ्यात कमी उचलली जातात, चौकटीचे सांधे नसल्यानं त्यांत धूळ बसत नाही, दिसायलाही देखणी आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच प्रकारांत रबर संपलं की अख्खं ब्लेड टाकावं लागतं. कमानींच्या चौकटीचं मोठेपण इथे आहे. ज्यानं ती आखली त्यानं ओळखलं होतं की या साधनात झिजायचं एकाच भागानं आहे, आणि तो भाग बाकी कशालाही इजा न होता निघाला पाहिजे. नख्या, खोबणी, पट्ट्या, शेवटची खाच, सगळं त्या एका निर्णयातून आलं आहे. ज्या हजिऱ्यात 2022 साली पोलादभट्टीची मळीसुद्धा वाया न घालवता तिचा सहापदरी रस्ता बांधला, तिथे धडधाकट चौकट रबरासाठी कचऱ्यात जाते हे मला खटकतं.

दुकानदार बहुतेक वेळा पूर्ण ब्लेडच पुढे करतो, कारण नुसतं रबर कुणी मागत नाही. पिकअप चालवणाऱ्या भावांना माझं एवढंच सांगणं आहे: मे महिना संपायच्या आत चौकटीचे खिळे मोकळे हलतात का ते पाहा, जुन्या रबराची लांबी इंचात आणि माथ्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, आणि दुकानात “फक्त रबर द्या” असं म्हणा. नसेल तर मागवून ठेवायला सांगा.