विनामूल्य चित्रपट आणि प्रेक्षकाचे मोल

चित्रपटकलेच्या अभ्यासात कलाकृती, दिग्दर्शक आणि तंत्र यांचा विचार विपुल झाला आहे. प्रदर्शनपद्धतीचा मात्र तितकासा झालेला नाही. चित्रपट कोठे दाखविला गेला, कोणाला दाखविला गेला आणि त्याबद्दल प्रेक्षकाकडून काय घेतले गेले, हे प्रश्न केवळ व्यवस्थेचे समजून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः आस्वादाच्या स्वरूपाशीच त्यांचा संबंध आहे. परदेशी आणि स्वतंत्र चित्रपट सर्वसामान्य लोकांना विनामूल्य दाखविण्याचे जे प्रयत्न भारतात झाले, त्यांचे परीक्षण केले असता हा संबंध स्पष्ट होतो.

या प्रयत्नांच्या मागे फिल्म सोसायटी चळवळीची पार्श्वभूमी आहे. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे सहकारी यांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ च्या प्रारंभी पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’सारख्या इटालियन चित्रपटांचा येथील रसिकांशी परिचय झाला. १९५९ साली या सोसायट्यांचा महासंघ अस्तित्वात आला. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. या संस्थांनी मराठी, बंगाली, मलयाळम अशा अनेक भाषांतील जाणकार प्रेक्षकांच्या पिढ्या घडविल्या, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यांची घडण सभासदत्वावर उभी होती. वर्गणी भरणाऱ्या सभासदांपुरतेच प्रदर्शन मर्यादित असल्यामुळे त्यांना सेन्सॉरच्या नियमांतून सवलत मिळे. म्हणजे जे दार चित्रपटाला मोकळे झाले, तेच दार रस्त्यावरच्या माणसाला बंद राहिले. हा दोष संचालकांच्या वृत्तीचा नसून रचनेचा होता.

ही रचना मोडण्याचा सर्वांत धीट प्रयत्न केरळात झाला. दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली ‘ओडेसा’ नावाचा समूह स्थापन केला. या नावाबरोबर आयझेनश्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’मधील पायऱ्यांचे स्मरण व्हावे, हे साहजिकच आहे. समूहाचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, त्यांनी चॅप्लिनचा ‘द किड’ (१९२१) लोकांना दाखविला आणि पुढील चित्रपटासाठी वर्गणी गोळा केली. त्या पैशांतून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ तयार झाला. तोही व्यापारी वितरणाकडे न सोपविता केरळभर लोकांमध्येच दाखविण्यात आला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ‘द किड’ची निवड. मूकपटाला भाषेची अडचण फारशी पडत नाही; टाकून दिलेले मूल आणि त्याला सांभाळणारा दरिद्री माणूस हा विषयही कोणत्याही गावाला परका नाही. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. तिकिटाचे पैसे पाहिलेल्या चित्रपटाची किंमत म्हणून दिले जातात. ओडेसाला मिळालेले पैसे अद्याप न झालेल्या चित्रपटासाठी दिलेले होते. ग्राहक म्हणून आलेला प्रेक्षक निर्मितीचा भागीदार होऊन परतला. ‘अम्मा अरियान’च्या घाटातही याचे प्रतिबिंब दिसते. पुरुषन नावाचा तरुण एका मृताची ओळख पटवितो आणि त्याच्या आईला ती वार्ता सांगण्यासाठी वायनाडहून कोचीपर्यंत प्रवास करतो. वाटेत गावोगावचे मित्र त्याला येऊन मिळतात आणि एकट्याच्या प्रवासाची मिरवणूक होते. चित्रपटाची वर्गणी ज्या रीतीने जमली, त्याच रीतीने चित्रपटातील माणसे जमत जातात. प्रदर्शनपद्धती आशयाच्या रचनेत उतरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा.

उत्तर भारतात २००६ साली गोरखपूर येथे ‘प्रतिरोध का सिनेमा’ या नावाने सुरू झालेला महोत्सव याच परंपरेत बसतो. सरकार, उद्योगसमूह किंवा स्वयंसेवी संस्था यांपैकी कोणाचेही प्रायोजकत्व घ्यायचे नाही आणि प्रवेश सर्वांना खुला ठेवायचा, हे त्याचे मूलतत्त्व. खर्च लोकांच्या ऐच्छिक मदतीतून भागवायचा. पुढे हा उपक्रम इतर शहरांतही पसरला. महाराष्ट्रापुरते पाहिले तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेला गोळीबार आणि शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या यांतून सुरू झालेला हा माहितीपट २०११ साली पूर्ण झाला आणि मुंबईच्या ज्या वस्त्यांचे जीवन त्यात आहे तशा वस्त्यांमध्येच उघडपणे दाखविला गेला. तेथील प्रेक्षक आपल्याच गाण्यांचे आणि आपल्याच दुःखाचे परीक्षक होते.

मात्र गौरवापाशी थांबल्यास परीक्षण अपुरे राहील. तिकीट काढून टाकले म्हणजे प्रवेश मोकळा झाला, ही समजूत भाबडी आहे. परदेशी चित्रपटाच्या तळाशी धावणारी इंग्रजी उपशीर्षके हे बहुसंख्य प्रेक्षकांच्या दृष्टीने दुसरे तिकीटच होय, आणि ते पैशांनी विकत मिळत नाही. ज्याला वेगाने इंग्रजी वाचता येत नाही त्याला सभागृहात जागा मिळते, चित्रपट मिळत नाही. कर्नाटकातील हेग्गोडु या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी हा प्रश्न ओळखला होता. त्यांच्या नीनासम् संस्थेने १९७३ साली ‘चित्रसमाज’ सुरू करून जगातील श्रेष्ठ चित्रपट सुपारीच्या बागाइतदारांपुढे आणि शेतमजुरांपुढे ठेवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर यांनी तेथे रसास्वादाचे वर्ग घेतले. चित्रपट दाखविणे आणि तो प्रेक्षकाच्या भाषेत उलगडणे ही दोन कामे तेथे वेगळी मानली गेली नाहीत. विनामूल्य प्रदर्शनांच्या पुष्कळ मालिका नेमक्या या दुसऱ्या कामात उण्या पडतात.

दुसरा आक्षेप निवडीविषयीचा आहे. व्यापारी चित्रपटगृहात न रुचलेला चित्रपट प्रेक्षक पाठ फिरवून नाकारतो, आणि तो नकार तिकीटखिडकीवर नोंदला जातो. विनामूल्य प्रदर्शनात हे मापन नाहीसे होते. मग निवड करणारा कोणाला जबाबदार राहतो? तो स्वतःच्या अभिरुचीला लोकांची गरज समजू लागला, तर परोपकाराच्या वेषात पुन्हा जुनी अधिकारशाहीच येते. यावर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे प्रदर्शनानंतरची चर्चा. ही चर्चा कार्यक्रमाला जोडलेली शोभा नव्हे. तिकीटखिडकीने केलेले मापन आता तिनेच करावयाचे असते. चर्चेत आलेला नकार पुढील निवडीत दिसला, तरच ती खरी. ओडेसापाशी वर्गणीचे मापन होते. लोकांनी हात आखडता घेतला असता तर चित्रपटच झाला नसता.

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असा एक व्यवहारी युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याला गावोगावच्या कीर्तनानेच उत्तर दिलेले आहे. तेथे प्रवेशाला मूल्य नसते. पण श्रोता वेळ देतो, टाळ धरतो आणि यथाशक्ती आरतीच्या ताटात टाकतो. आज तर जगातील असंख्य चित्रपट हातातल्या फोनवर फारसा खर्च न होता पाहता येतात. तेव्हा केवळ फुकट दाखविणे हे आता कोणत्याही मालिकेचे वैशिष्ट्य उरलेले नाही. विचारपूर्वक केलेली निवड, प्रेक्षकाच्या भाषेतील विवरण आणि एकत्र बसून केलेली चर्चा एवढेच तिचे खरे भांडवल आहे.

म्हणून अशा मालिकांचे मूल्यमापन करताना किती चित्रपट दाखविले आणि किती खुर्च्या भरल्या, या आकड्यांवर विसंबून चालणार नाही. प्रेक्षकाला चित्रपट त्याच्या भाषेत पोहोचला काय, त्याच्या मताने पुढील निवड बदलली काय, आणि पाहणारा कधी करणारा झाला काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतील. ओडेसाचे यश मुख्यतः तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, हेग्गोडुचे पहिल्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मालिकेला दर प्रदर्शनानंतर नव्याने द्यावे लागते.