तळे राखणाऱ्याचा न्याय

मराठीत बँक बुडते. पतपेढी बुडते, ठेव बुडते आणि त्या ठेवीवर ज्याच्या म्हातारपणाची भिस्त होती तो माणूसही तिच्याबरोबर बुडतो. कोणी बुडविली, हे मात्र आपले क्रियापद सांगत नाही. पाकीटमार पाकीट मारतो, चोर घर फोडतो, दरोडेखोर गाव लुटतो. या साऱ्या वाक्यांना कर्ता आहे. परंतु शेकडो कोटींची बाब असली की आपण 'घोटाळा झाला' एवढेच म्हणतो. नावांच्या सारखेपणामुळे टपाल शेजारच्या घरी गेले तरी घोटाळाच होतो. अपहार, अफरातफर हे शब्द आपल्या भाषेत आहेत आणि त्यांना कर्ता लागतो. पण ते आपण पोस्टमास्तर, तलाठी आणि सोसायटीचा सचिव यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. हुद्दा वाढला की शब्द मवाळ होतो. धनिकांच्या आर्थिक गुन्ह्यांकडे आपला समाज कसा पाहतो याचा शोध घ्यावयाचा झाल्यास, आमच्या मते, तो प्रथम भाषेत घ्यावा लागेल.

या गुन्ह्यांना आपण 'पांढरपेशी गुन्हेगारी' असे नाव दिले आहे. मूळ संज्ञा एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली एका व्याख्यानात मांडली. प्रतिष्ठित आणि उच्चपदस्थ माणसाने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा तिचा आशय होता. दहा वर्षांनी त्याचे पुस्तक निघाले तेव्हा प्रकाशकाने त्यातील कंपन्यांची नावे गाळावयास लावली. नावांसह संपूर्ण आवृत्ती वाचकांना मिळण्यास १९८३ साल उजाडले. तेथे नावे गाळली गेली, आपल्याकडे अर्थच सरकला. मराठीत पांढरपेशा म्हणजे महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणारा कारकून, शिक्षक, टंकलेखक. ज्याची ठेव बुडते तो हाच. फसविणारा आणि फसलेला या दोघांना आम्ही एकच विशेषण लावून बसलो आहोत.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे 'स्कॅम १९९२' ही हिंदी मालिका. हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ही दहा भागांची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये प्रदर्शित झाली आणि टाळेबंदीने घरात बसलेल्या प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. तिचे शीर्षकसंगीत भ्रमणध्वनीतून वाजू लागले, तिच्यातील संवाद शेअर बाजारात नव्याने उतरलेल्या तरुणांच्या तोंडी बसले. मालिका रेखीव आहे, हे निःसंशय. प्रतीक गांधी यांनी हर्षद मेहता उभा केला आहे तो खलनायक म्हणून नव्हे. लहान घरातून निघालेला, हुशार, घाईत असलेला आणि आपल्या माणसांवर जीव लावणारा माणूस म्हणून. शिवाय बँकांमधील रोख्यांचे व्यवहार सामान्य प्रेक्षकाला समजावून देणे हे सोपे काम नव्हते. एक बँक दुसरीला रोखे विकते व ठरल्या मुदतीने परत घेण्याचे वचन देते; प्रत्यक्ष रोख्यांऐवजी नुसती बँक-पावती हातोहात फिरते; आणि मधला दलाल एका बँकेचा पैसा दुसरीकडे पोहोचेपर्यंत तो शेअर बाजारात खेळवितो. एवढे गुंतागुंतीचे यंत्र मालिकेने डोळ्यांसमोर उलगडून दाखविले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

मालिका ज्या पुस्तकावर आधारलेली आहे ते देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांचे. २३ एप्रिल १९९२ रोजी दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियातून हे प्रकरण उघडकीस आणले. त्यांच्या पुस्तकाचे उपशीर्षक तीन प्रश्न विचारते : कोण जिंकले, कोण हरले आणि कोण निसटले. कोणत्याही आर्थिक गुन्ह्याच्या कथनाला लावावी अशी ही कसोटी आहे. ती मालिकेला लावून पाहिली की तिचे बळ आणि तिची उणीव, दोन्ही स्पष्ट होतात.

कोण जिंकले, हे मालिका मन लावून सांगते. निर्देशांक चार हजार चारशेच्या वर जातो, वरळीचे घर सजते, परदेशी मोटारी येतात आणि त्या प्रत्येक पायरीला संगीताची साथ मिळते. कोण निसटले, याकडेही ती बोट दाखविते. मोठमोठ्या बँका आणि सत्तेतील माणसे एका दलालाच्या आड कशी लपली हा तिचा आग्रहाचा मुद्दा आहे. परंतु कोण हरले? या प्रश्नाचे उत्तर देणारे एकही प्रमुख पात्र दहा भागांत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने गैरव्यवहाराचा आकडा चार हजार कोटींच्या वर नेऊन ठेवला. रोख्यांचा आधार नसलेल्या पावत्या देणाऱ्यांत मेट्रोपोलिटन सहकारी बँक आणि बँक ऑफ कराड यांची नावे निघाली, आणि त्या वर्षीच बँक ऑफ कराड अवसायनात गेली. कराडच्या त्या बँकेपुढे ठेवीच्या पावत्या घेऊन उभे राहिलेले लोक या कथेचे नायक होऊ शकले असते. त्यांना घेऊन कोणी मालिका काढली नाही. मराठीतही कोणी कादंबरी लिहिली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

या उणिवेचा परिणाम प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीवर होतो. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्याबद्दल कणव वाटते आणि ज्याचा दिसत नाही तो आकडा होतो. हर्षद मेहतांना सप्टेंबर १९९९ मध्ये मारुती उद्योगाच्या निधीच्या प्रकरणात पाच वर्षांची सजा झाली. बाकीचे खटले चालू असताना ३१ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ठाणे येथे कोठडीत असताना त्यांचे निधन झाले. या मृत्यूने कोणीही हळहळेल. पण मालिका पाहून उठणारा प्रेक्षक हळहळीवर थांबत नाही. सगळेच खात होते, याला एकट्याला धरले, असे तो म्हणतो. पहिली दोन विधाने पुष्कळ अंशी खरी आहेत. त्यांतून निघणारा तर्कशुद्ध निष्कर्ष एवढाच की बाकीच्यांनाही धरावयास हवे होते. आपले लोकमत मात्र उलट्या दिशेने चालते आणि यालाही सोडावयास हवे होते, या मुक्कामी पोहोचते.

मुंबईचे हे उदाहरण दूरचे वाटत असेल तर घराजवळचे घ्यावे. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर हा पट्टा आज नवी मुंबईचाच भाग म्हणून वाढला आहे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत २०१९ च्या सुमारास ठेवीदारांना पैसे मिळेनासे झाले. २०२० च्या फेब्रुवारीत नवी मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला. जून २०२१ मध्ये बँकेचे अध्यक्ष आणि शेतकरी कामगार पक्षाचे माजी आमदार विवेकानंद पाटील यांना सक्तवसुली संचालनालयाने अटक केली आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. ६३ बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम काढली गेली आणि तिचा काही भाग कर्नाळा चॅरिटेबल ट्रस्ट व कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमी यांच्याकडे वळविला गेला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. तो खरा की खोटा हे ठरविणे न्यायालयाचे काम. आम्ही येथे कोणालाही दोषी ठरवीत नाही. आमचा विषय लोकांच्या मनाचा आहे.

आणि त्या मनापुढे या प्रकरणाने मोठा कठीण प्रश्न ठेवला आहे. क्रीडासंकुल ही काही स्विस बँकेतील तिजोरी नव्हे. ते सर्वांना दिसते, गावच्या मुलांना त्याचा उपयोग होतो आणि ज्याने ते उभारले त्याच्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या सहकारी महाराष्ट्रात नेत्याचे मोठेपण अशाच गोष्टींनी मोजले जाते : त्याने शाळा काढली, दवाखाना काढला, मैदान दिले, अडल्यानडल्याला नोकरी लावली. पैसा कोठून आला, हा प्रश्न दात्याच्या तोंडावर विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. परंतु आरोप खरा असेल तर ते दान ठेवीदारांनी केले आहे, आणि तेही त्यांना न विचारता. अशा वेळी कृतज्ञतेचा हार कोणाच्या गळ्यात घालावा? निवृत्तीची रक्कम ठेवणाऱ्या शिक्षकाच्या, मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठविणाऱ्या मासळीवालीच्या, की अध्यक्षांच्या? आमची नैतिक गफलत येथे आहे. धनवान गुन्हेगाराचे भय आम्हांला वाटते म्हणून आम्ही गप्प बसतो, हे पूर्ण सत्य नाही. त्याचे उपकार आम्हांला आठवतात म्हणूनही आम्ही गप्प बसतो.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण किती सहज वापरतो! तिच्यात निषेध नाही. समजूतदारपणाची एक मान डोलावणी आहे. राखणदाराला ओंजळभर पाणी मिळावे यात गैर काही नाही, असे ती सुचविते. पण राखणदाराने रात्रीतून बांध फोडून सारे तळे आपल्या शेताकडे वळविले तर? त्या प्रसंगाविषयी ही म्हण काही बोलत नाही. म्हणून ओंजळीची सवलत आपण तळ्यालाही देऊन टाकतो.

कायद्याची दृष्टी मात्र याच्या नेमकी उलट होती आणि आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत साध्या चोरीला कलम ३७९ खाली जास्तीत जास्त तीन वर्षांचा कारावास होता. बँकर, व्यापारी, दलाल किंवा लोकसेवक यांनी सोपविलेल्या मालमत्तेबाबत केलेल्या विश्वासघाताला कलम ४०९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेही राखणदाराच्या विश्वासघाताची जन्मठेप कायम ठेवली आहे. चोर बाहेरून येतो. राखणदाराच्या हाती आपण स्वतः किल्ली दिलेली असते, म्हणून त्याचा अपराध मोठा, हा विवेक कायद्याने दीडशेहून अधिक वर्षे जपला. श्रीमंतांसाठी कायदा सौम्य आहे ही आपली आवडती तक्रार कागदावर तरी टिकत नाही. सौम्य आहे ती आपली नजर, आणि अतिशय मंद आहे ती खटल्याची चाल.

याचा अर्थ आम्ही कठोरात कठोर शिक्षेची मागणी करतो आहोत असा कोणी घेऊ नये. बँकेच्या दारावर कुलूप दिसले की रांगेतील माणूस 'फासावर लटकवा' म्हणतो. तो त्याच्या दुःखाचा उद्गार आहे आणि त्याला दोष देता येणार नाही. पण तो उद्गार अटकेबरोबर शांत होतो, हीच अडचण आहे. बेड्या घातलेले छायाचित्र छापून आले की न्याय झाला असे आपणांस वाटते. येस बँकेचे माजी प्रमुख राणा कपूर मार्च २०२० मध्ये पकडले गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये जामिनावर आपल्या नवी मुंबईतील तळोजा कारागृहातून बाहेर आले. निकालाआधीच चार वर्षे तुरुंगात गेली. आरोपी निर्दोष असेल तर हा अन्याय. दोषी असेल तर निकालाची चौकशी करणारा एकही वाचक उरलेला नसतो, हा दुसरा अन्याय. दोन्ही बाजूंनी आपले लोकमत खटल्याच्या पहिल्या दिवशी जागे आणि शेवटच्या दिवशी झोपलेले असते.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तरी हेच शिकावयास मिळते. अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफला २००९ मध्ये १५० वर्षांची सजा सुनावली गेली. तो आकडा जगभर गाजला. पण फसलेल्यांच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट ही की न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने वर्षानुवर्षे दावे लढवून अब्जावधी डॉलर वसूल केले आणि ते परत वाटले. व्हिएतनाममध्ये त्रुओंग मी लान या धनाढ्य उद्योजिकेला बँकेच्या अपहाराबद्दल एप्रिल २०२४ मध्ये देहदंड ठोठावला गेला. पुढल्या वर्षी त्या देशाने अपहारासाठी देहदंडच रद्द केला. फाशीच्या दोराने ठेव परत येत नाही, ही गोष्ट तेथील राज्यकर्त्यांनाही शेवटी मान्य करावी लागली असावी.

आपल्याकडे परतफेडीच्या दिशेने काही पावले पडली आहेत. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. फसविणाऱ्या वित्तीय संस्थांची मालमत्ता जप्त करून ती ठेवीदारांना वाटण्याची तरतूद त्यात आहे. ठेवींवरील विम्याची मर्यादा २०२० मध्ये एका लाखावरून पाच लाखांवर गेली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती रक्कम नव्वद दिवसांत देण्याचे बंधन आले. कर्नाळा बँकेच्या ९५ टक्के ठेवीदारांना या विम्यातून पूर्ण ठेव मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करताना सांगितले होते. ही दिलाशाची बाब खरी. तथापि विम्याचा हप्ता साऱ्या बँका भरतात. म्हणजे एका तळ्याचे चोरलेले पाणी इतर तळ्यांतून भरून दिले जाते. ज्याने बांध फोडला त्याच्याकडून वसुली होणे आणि त्याने ते कृत्य केले असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगणे, ही दोन कामे त्यानंतरही शिल्लक राहतात. शिक्षेचा आमच्या लेखी अर्थ हा : जे घेतले ते परत द्यावे लागणे, आणि जे केले त्याला त्याचे खरे नाव मिळणे.

यांपैकी दुसऱ्या कामात साहित्याचा वाटा आहे, म्हणून हा लेख या पृष्ठांवर. जब्बार पटेल व विजय तेंडुलकर यांच्या 'सामना' या चित्रपटाने साखरसम्राट हिंदूराव धोंडे-पाटलापुढे एका फाटक्या मास्तराला उभे केले आणि नाहीशा झालेल्या एका सामान्य माणसाची चौकशी त्याला पुनःपुन्हा करावयास लावली. तो मास्तर आकर्षक नाही, त्याच्या मागे संगीत वाजत नाही. तरी पन्नास वर्षांनंतर प्रेक्षकाला आठवते ती त्याची चौकशी. 'स्कॅम १९९२' मध्ये कौशल्य आहे, गती आहे, सहानुभूती आहे. तो मास्तर नाही. कोण हरले, हे विचारणाऱ्याला तिने मध्यभागी बसविले असते तर तीच कथा अधिक खरी झाली असती.

आमच्या लेखक-लेखिकांना एक विनंती करून थांबतो. पनवेलपासून वाशीपर्यंत प्रत्येक वस्तीत बंद पडलेल्या पतपेढीचे पासबुक जपून ठेवणारे कोणीतरी आहे. त्यांच्याकडे जा, त्यांचे ऐका आणि लिहा. लिहिताना 'बँक बुडाली' असे लिहू नका. न्यायालयाचा निकाल लागला असेल तर कोणी बुडविली ते लिहा. लागला नसेल तर किती वर्षे लागलेला नाही, ते लिहा.